बिनटाक्याचं काम

नाशिकमध्ये मुतखड्याला हंगाम असतो. द्राक्षांची खुडणी आटोपत येते, एप्रिलचं ऊन चटके देऊ लागतं आणि आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर निफाड, दिंडोरी, चांदवडकडची माणसं कुशीवर हात दाबून बसलेली दिसू लागतात. दिवसभर बागेत उभं राहायचं, घाम गाळायचा, पाणी मात्र आठवलं तर प्यायचं. लघवी घट्ट होऊन तीत क्षारांचे कण धरायला एवढं पुरतं. बायकांचं कारण बऱ्याचदा वेगळं निघतं. एसटीतल्या कंडक्टर, शिक्षिका, मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या बाया तहान लागली तरी पीत नाहीत, कारण नंतर जायचं कुठे? आमच्याकडच्या माहितीपत्रकांत पालक-टोमॅटोवर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, स्वच्छतागृहावर ओळ नाही.

खडा आहे हे कळल्यावर माणूस सरळ आमच्याकडे येतो असंही नाही. आधी पानफुटीची पानं चावून होतात, कुळथाचं कढण होतं, मित्रांनी आग्रहाने पाजलेली बिअर होते. या सगळ्यात पाणी पोटात जातं एवढा खरा फायदा. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो, मग श्रेय कढणाला मिळो की बिअरला. आमच्या टेबलावर येतो तो एक-दीड सेंटिमीटरचा, किडनीत ठाण मांडून बसलेला.

मी एक्स-रे टेक्निशियन. नोकरीला लागले नव्वदच्या दशकात. तेव्हा मुतखड्याचं ऑपरेशन म्हणजे कुशीत वीतभर चीर आणि पुढे कित्येक आठवडे जड उचलायची बंदी, हे गावोगाव ठाऊक होतं. वडिलांच्या वयाच्या किती तरी शेतकऱ्यांच्या कुशीवर तो तिरका व्रण मी पाहिलाय. त्या चिरेच्या जागी लिथोट्रिप्सी आली. शरीराबाहेर लाट तयार करायची, ती आतल्या खड्यावर एकवटायची आणि होणारा चुरा लघवीवाटे जाऊ द्यायचा. जाहिरातीत याला ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणायचे. ते वाचून येणाऱ्याला वाटायचं, टाका नाही म्हणजे आपल्यालाही काही करायचं नाही आणि डॉक्टरांनाही फारसं नाही. मला त्याचं उलट दिसत आलंय. हत्यार बाहेर राहतं तेव्हा चुकलेला हात आत काय करतोय ते कुणाला दिसत नाही, म्हणून आधीची तयारी दुप्पट लागते.

पहिली काही वर्षं यंत्र आमचं नव्हतं. ते गाडीतून यायचं, ठरलेल्या वारी, आणि संध्याकाळी मालेगाव-धुळ्याकडे निघून जायचं. खड्ड्यांतून आदळत आलेल्या यंत्राने खडा फोडायचा, तर आधी त्याचा नेम जागेवर आहे का ते बघावं लागे. पद्धत साधी होती. पाण्याच्या भांड्यात फळ्यावर लिहायचा खडू धरायचा, पडद्यावरच्या फुलीवर आणायचा आणि फटके द्यायचे. खडू नेमका तिथेच खचला की पेशंटला आत घ्यायचं. कडेचा टवका उडाला तर इंजिनिअर पाने घेऊन टेबलाखाली शिरे आणि बाहेर बाकावर कुरकुर सुरू होई.

त्या यंत्राच्या पोटात धातूचा खोलगट कटोरा होता. शाळेत दोन टाचण्या आणि दोऱ्याचं कडं घेऊन लंबवर्तुळ काढतात ना, तसल्या लंबवर्तुळाचा अर्धा भाग गोल फिरवून केलेला. एका टाचणीच्या जागी पाण्यात ठिणगी पाडायची, वीस हजार व्होल्टच्या आसपास. पाण्यात उठलेला धक्का कटोऱ्याच्या भिंतीवर आपटून परततो आणि दुसऱ्या टाचणीच्या जागी एकवटतो. आमचं सगळं काम म्हणजे ती दुसरी जागा आणि पेशंटचा खडा एकमेकांवर आणणं. वाटेतलं कातडं, चरबी, स्नायू लाटेच्या लेखी जवळपास पाणीच, म्हणून ती फारसं काही न बिघडवता आत सरकते. खडा लागला की तिचा काही भाग उलटा फिरतो, खड्यात ताण पडतो, त्याच्या अंगाशी बारीक बुडबुडे उठून फुटतात. एका फटक्याने काही होत नाही. दोन-तीन हजार द्यावे लागतात.

ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक काका टेबलावर आडवे होता होता यंत्रावरचं नाव वाचून म्हणाले, “डॉर्नियर? अहो मॅडम, हे तर आमच्या कानपूरला बनतं ते विमान.” काकांचं बरोबर होतं. ही जर्मन कंपनी मुळात विमानांचीच, आणि तिचं छोटं विमान एचएएलच्या कानपूरच्या कारखान्यात परवान्याने बनतं. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला इजा कशी होते, याचा अभ्यास करताना त्यांच्या इंजिनिअरांना आघाताच्या लाटांची ताकद उमगली. लाट पदार्थातून पुढे जाते आणि नुकसान भलतीकडेच करते. ती विद्या म्युनिकच्या डॉक्टरांच्या हाती गेली, आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी क्रिस्टियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या माणसाच्या किडनीतला खडा बाहेरून फोडला. तेव्हा पेशंटला भूल देऊन, आधाराला बांधून कोमट पाण्याच्या टबात उतरवत. १९८४च्या डिसेंबरात अमेरिकेने यंत्राला परवानगी दिली आणि ते जगभर पसरलं. हे सगळं मी काकांना इंजेक्शनचा अंमल चढेपर्यंत सांगितलं. १९६४ साली ओझरचा कारखाना निघाला तो मिग बनवायला. काकांची उमेदीची वर्षं त्याच जुळणीत गेलेली. “थेंबांनी विमानाची नाकाडं झिजतात हे आम्हाला माहीत होतं,” ते म्हणाले, “त्यातून माझी किडनी सुटेल हे कुणी बोललं नाही.”

टब पुढे गेला, त्याच्या जागी पाण्याने फुगवलेली रबरी उशी आली. उशी आणि पाठ यांच्यामध्ये जेली. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी ही जेली लावायला शिकवते आणि त्याला तो अपमान वाटतो. पण हवेपुढे ही लाट हतबल असते. जेलीत बुडबुडे राहिले की तेवढी लाट तिथूनच माघारी. हाताने चोळून पसरली की बुडबुडे हमखास धरतात. डब्यातून एक मोठा गोळा उशीवर ठेवायचा आणि पेशंटच्या वजनाने तो आपोआप पसरू द्यायचा. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, यंत्र टकटक करत राहतं, पेशंटला टिचक्या बसल्यासारखं जाणवतं आणि खडा मात्र जसाच्या तसा. जेली नीट नसेल तर हे होतं, आणि बाहेरून ते ओळखता येत नाही.

आतड्यातल्या हवेचंही तेच. मूत्रनलिकेतला खडा सोनोग्राफीवर शोधायचा असेल तर वाटेतला गॅस सगळं झाकून टाकतो. म्हणून आदल्या रात्री हलकं खा, उसळ नको, मिसळ तर नकोच, असं सांगावं लागतं. नाशिकच्या माणसाला मिसळ नको म्हणणं सोपं नाही. एकाने मला विचारलं होतं, “मॅडम, तर्री नाही घेतली तर?”

आणि श्वास. श्वासागणिक किडनी दोन-तीन सेंटिमीटर खालीवर सरकते, खडा तिच्याबरोबर. घाबरलेला माणूस एक तर जोरजोरात श्वास घेतो, नाही तर रोखून धरतो आणि मग एकदम सोडतो. दोन्हीत फटके खड्याला चुकवून शेजारी जातात, आणि शेजारी म्हणजे किडनीच. मला हवा असतो उथळ, एकसारखा श्वास. तसा सगळ्यात सुरेख श्वास मी पाहिला तो त्र्यंबककडच्या एका सनईवाल्यांचा. पडद्यावर त्यांचा खडा जागचा हलला तर तांदळाएवढा.

ठिणगीच्या त्या जुन्या यंत्राची आणखी एक गंमत होती. हृदयाच्या ठोक्यात अडथळा येऊ नये म्हणून फटका ईसीजीशी जोडलेला असे. एका ठोक्याला एक. म्हणजे पेशंट घाबरला की यंत्राचीही टकटक वाढायची, ती ऐकून तो आणखी घाबरायचा. अशा वेळी बोलत राहणं हा कामाचाच भाग होता. आमचे वॉर्डातले मामा त्यात पटाईत. द्राक्षाला भाव काय, मुलीचं लग्न कुठे ठरलं, मोटारीला पाणी किती, असं विचारत ते नाडी खाली आणायचे. पुढची यंत्रं ठोक्याशिवाय, ठरवलेल्या वेगाने चालू लागली आणि बोलायचं कारणच संपलं. मामा तरी बोलतातच.

वेगावरून मात्र माझी पुष्कळ वादावादी झालीय. मिनिटाला १२० फटके दिले तर तीन हजार फटके पंचवीस मिनिटांत संपतात. मिनिटाला ६० दिले तर पन्नास मिनिटं लागतात. खडा सावकाश दिलेल्या फटक्यांनी जास्त चांगला फुटतो, हे एकामागून एक अभ्यासांत दिसलंय. दोन फटक्यांमध्ये आधीचे बुडबुडे विरायला वेळ मिळाला नाही तर ते पुढच्या लाटेची ताकद खातात. सुरुवातीला थोडे हलके फटके देऊन थांबलं तर किडनीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा कमी होते, हेही आता मान्य झालंय. पण दिवसाला केसेस किती, हा प्रश्न विचारणारा माणूस यंत्राच्या खोलीत बसत नाही. मी पूर्वी जिथे काम केलं अशा एका ठिकाणी वेगाचं बटण वर ठेवायची तोंडी सूचना होती. कागदावर कुठेच नाही.

कुणाला टेबलावर घ्यायचं नाही, यावर आमचे डॉक्टर कडक आहेत आणि ते मला आवडतं. गरोदर बाई नाही. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा व्हायला हवा. खड्याच्या खाली वाट अडलेली असेल तर नाही, चुरा जाणार कुठून? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नाही. ही गोळी लोक सांगतच नाहीत, कारण ‘ती हार्टची आहे, किडनीची नाही’. म्हणून मी औषधांची पिशवीच उलटी करायला लावते. सीटी स्कॅनमध्ये खड्याची घनता एक हजार युनिटच्या वर गेली, कातडीपासून खड्याचं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं, किंवा तो किडनीच्या अगदी तळाच्या कप्प्यात असला, तर फटके वाया जायची शक्यता मोठी. एवढ्या लांबून, एवढे पैसे घेऊन आलेल्या माणसाला ‘तुमच्यासाठी हे नाही’ म्हणणं जिवावर येतं. त्याला वाटतं, आपल्याला काही तरी नाकारलं.

काम झाल्यावरचा भाग पेशंटच्या घरी घडतो आणि तिथे आमचा काही ताबा नाही. लघवी एक-दोन दिवस लालसर होते, मग वाळू पडू लागते. गाळणीने गाळा, कण जपून ठेवा, भरपूर पाणी प्या, ठरलेल्या तारखेला एक्स-रेला या. कधी चुरा मूत्रनलिकेत एकावर एक रचत जातो आणि वाट बुजते. त्यात ताप आला तर जिवावर बेतू शकतं. पेठ तालुक्यातल्या एका बाईंना मी तारीख दिली ती नेमकी भाताच्या आवणीत पडली. त्या आल्या नाहीत. फोन शेजारच्या घरी होता, तो लागला तेव्हा कळलं की थंडी वाजून ताप येतोय, पण आवणी संपल्याशिवाय निघता येत नाही. त्यांच्या भावाने त्यांना मोटरसायकलवर आणलं, नळी टाकून पू काढला आणि त्या वाचल्या. तेव्हापासून तारीख देण्याआधी मी शेतात काय चाललंय ते विचारते.

आमच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. आत येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पुरुष, तरी पाटी लागते, कारण खडा शोधायला सोनोग्राफीचं यंत्र आहे आणि ते नोंदवल्याशिवाय ठेवता येत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत अहवाल जातो. नव्या मुलांना हा जाच वाटतो. मी त्यांना सांगते की देशातला असा पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली, केंद्राचा १९९४चा. माणसाला चिरेपासून वाचवणारा आवाज आणि पोटातल्या मुली वेचून मारायला वापरला गेलेला आवाज एकाच जातीचा आहे, आणि दुसऱ्या कामाला आपल्याकडे गिऱ्हाईक अधिक होतं. त्यामुळे पाटीवर धूळ बसलेली मला चालत नाही.

अलीकडे आमच्याकडची गर्दी ओसरलीय. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून लेझरने खडा फोडतात, एका फेरीत काम बहुधा पुरं होतं, आणि बाटलीत खड्याचे तुकडे घरी न्यायला मिळतात. या बाटलीचं महत्त्व कमी लेखू नये. आमच्याकडून माणूस गाळणीतली वाळू घेऊन जातो, तीही पडली तर. कठीण किंवा मोठ्या खड्याला दुर्बीणच बरी, यात वाद नाही. पण भूल, नंतर काही दिवस टोचत राहणारी नळी, ती काढायची वेगळी फेरी हा हिशोब आधी कुणी सांगत नाही. आणि सेंटिमीटरभराचा, मऊ, सोयीच्या जागी बसलेला खडा असूनही लोक लेझरच मागतात, तेव्हा मला वाईट वाटतं. पोटापाण्याचा संबंध आहे म्हणूनही वाटत असेल.

गंमत अशी की आमचं यंत्र मागे पडत असताना बाहेरून एकवटलेल्या ध्वनीचं शास्त्र मात्र पुढे गेलंय. आमची लाट एका धक्क्याची असते. या नव्या यंत्रांत सलग अल्ट्रासाउंड असतं आणि ते एका बिंदूवर काही सेकंदांत पेशी भाजून टाकतं, साठ अंशांच्या आसपास किंवा वर. आत किती तापलं हे हाताला कळणार नाही, म्हणून पेशंट एमआरआयमध्ये असतो आणि एमआरआयच थर्मामीटरचं काम करतो. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींसाठी अमेरिकेने अशा यंत्राला २००४ साली परवानगी दिली. ते वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं ‘पिशवी काढून टाका’ आठवलं. पुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण इतकं गाजलं की सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी शाबूत ठेवून गाठ जाळता येते हे त्या बायकांच्या कानावरही गेलं नसणार, आणि गेलं असतं तरी तासन्‌तास चालणारा, एमआरआय अडवून ठेवणारा उपचार त्यांच्या वाट्याला आला नसता.

मेंदूपर्यंत पोचायला या विद्येला सगळ्यात जास्त वेळ लागला. १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात फ्राय बंधूंनी मेंदूत ध्वनी एकवटला खरा, पण कवटीचा तुकडा काढूनच, कारण हाड लाटेला अडवतं, वाकवतं. आता डोक्याभोवतीच्या टोपात हजाराच्या वर, नेमके सांगायचे तर १०२४, छोटे उगम असतात आणि सीटी स्कॅनवरून कवटीची जाडी मोजून प्रत्येकाची वेळ वेगळी लावतात. २०१६ साली हात थरथरण्याच्या आजारासाठी अमेरिकेत ते मंजूर झालं. पेशंट जागा असतो. आधी जागा थोडी कोमट करून बघतात. थरथर तात्पुरती कमी झाली म्हणजे नेम बरोबर, मग पुढचं. हे वाचून मला आमचा खडू आठवला. २०२३ मध्ये यकृतातल्या गाठी उष्णतेने नव्हे तर बुडबुड्यांनी भुगा करणारं यंत्र मंजूर झालं. ज्या बुडबुड्यांना आम्ही सावकाश चालून विरू देतो, ते तिथे हत्यार झालेत. आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अल्ट्रासाउंडच्या छोट्या झुबक्यांनी मुतखडा फोडून बघितलाय. २०२२ साली पहिल्या १९ माणसांचे निकाल छापून आले, प्रत्येकी दहा मिनिटांचा प्रयोग. जमलं तर आमचं टेबलही लागणार नाही.

मेंदूच्या त्या उपचाराची बातमी मोबाइलवर पाहून देवळाली कॅम्पातले एक ओळखीचे आजोबा मला भेटायला आले. शिंपीकाम करायचे, हात थरथरतात म्हणून सुईत दोरा ओवणं सुटलेलं. “ताई, तुमच्या मशीनने हे होईल का?” आमच्या मशीनने नाही, मी म्हटलं, आणि माहीत होतं तेवढं सांगितलं. की सुरुवातीला एकाच बाजूचा हात करतात. की भाजलेली जागा परत येत नाही. की काहींना नंतर बोटं बधिर होतात, चालताना तोल जातो. की प्रत्येक कवटी त्या लाटेला चालत नाही, आधी तपासून घ्यावी लागते. की डोक्यावरचे सगळे केस काढतात. यातल्या शेवटच्या गोष्टीवर ते सगळ्यात जास्त वेळ विचारात पडले.

मग मी विचारलं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं का, गोळ्या कुठल्या घेतल्या? एकही नाही. थरथर हे म्हातारपण समजून दहा वर्षं काढलेली. या आजाराला आधी प्रोप्रॅनोलॉलसारख्या साध्या गोळ्या देऊन बघतात, त्या स्वस्त असतात, बऱ्याच जणांना पुरतात. दमा असेल तर मात्र तसं डॉक्टरांना आधी सांगायचं. मी त्यांना चिठ्ठीवर न्यूरॉलॉजीच्या ओपीडीचा वार लिहून दिला. “मग ते आवाजाचं?” त्यांनी दारातून विचारलं. गोळ्यांनी भागलं नाही तर बघू, मी म्हटलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.